दिलरुबा कुठे थांबवायचा

१२ नोव्हेंबर १९८७, गुरुवार

शाळा सुरू झाली. सातवीची मुलं अजून मनाने सुट्टीतच आहेत. प्रार्थना तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत झाली. घरी येऊन दिलरुब्याच्या उतरलेल्या तरफेच्या तारा लावत बसले होते, तेवढ्यात पंढरी भोईर आला. जुनेबंदरचा. माझा विद्यार्थी. आवाज फुटल्यावर गाता येईना, तरी गाण्याच्या तासाला मागे येऊन बसायचा. आता सिनेमाचं शिकून आलाय, दाढी वाढवलीय.

आपल्या गावावर वीस मिनिटांची फिल्म करतोय. खाडीत केमिकलचं पाणी सोडतात, मासळी मरते, त्यासाठी सरकारने समिती नेमलीय. फेब्रुवारीत ठाण्याला सुनावणी आहे, तिथे ही दाखवायची.

"बाई, संगीत हवंय," म्हणाला. "म्हणजे मला नकोय. बाबांना हवंय."

त्याचे वडील भिवाजी म्हणजे कोळ्यांच्या सोसायटीचे पुढारी. कॅमेरा सोसायटीने भाड्याने आणून दिला, त्यामुळे त्यांचं ऐकणं भाग आहे. पंढरीचं मत असं की संगीत म्हणजे बघणाऱ्याच्या गालावर पाणी शिंपडून तो रडला असं सांगणं. म्हणून तो माझ्याकडे आलाय. मी कमीत कमी वाजवीन असा त्याचा अंदाज आहे. हे कौतुक समजायचं की काय, कळलं नाही. हो म्हटलं.

रात्री जेवताना यांना सांगितलं. यांनी विचारलं, "कुठलं बंदर?" मी सांगितलं. यांनी पुढे भात घेतला नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार

हे आजही कामावर गेले. पावसाळ्यापासून बहुतेक रविवार असेच जातात. कंपनीत रंग तयार होतात आणि हे प्रयोगशाळेत ते तपासतात, एवढंच मला माहीत आहे.

पंढरीची आई म्हणजे बायजा, हे आज लक्षात आलं. ती आमच्या बिल्डिंगमध्ये मासळीची पाटी घेऊन यायची. बोईट, निवटे, चिंबोऱ्या. दोन वर्षांपूर्वी यांनी खाडीची मासळी बंद केली. चव बिघडलीय म्हणाले, समुद्राचीच आण. मला चवीत फरक वाटला नव्हता. बायजाला मी काय कारण सांगितलं होतं, आठवत नाही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

ठाण्याला गेले. नौपाड्यात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट जोडून देणाऱ्याचं दुकान आहे, तिथे पंढरीला दुपारची मशीन मिळते. आधी त्याने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून फिल्म दाखवली. होडी, चिखल, जाळं ओढणारी माणसं, जाळं निवडणारी बायजा, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारे भिवाजी, तिवरांची झाडी. खरं लिहायचं तर मला काही वाटलं नाही. कुणाच्या घरचा अल्बम बघतोय तसं.

मग त्याने आवाज सोडला. बांबू चिखलातून उपसल्याचा, बादलीत चिंबोऱ्या एकमेकींवर चढताना होणारी खरखर, लांबून कुणाला तरी मारलेली हाक. तीच चित्रं जड झाली. चिखलाला खोली आली.

तिवरांच्या चित्राशी मी दचकले. झाडांच्या मुळाशी एक पाइप आहे आणि त्यातून धो धो पाणी पडतंय. मी म्हटलं, "हा मघाशी नव्हता."

"होता बाई. तुम्ही पाहिलात, दिसला नाही."

त्याने आवाज बंद करून पुन्हा दाखवला. पाइप होता, चांगला मधोमध. आवाज आल्याशिवाय डोळा तिथे जात नाही. तिथे चार कंपन्या आहेत आणि प्रत्येक जण म्हणतो पाइप आमचा नाही. पंढरीला वाटतं, समितीला एकदा हा आवाज ऐकवला की काम झालं. मला तसं वाटत नाही. त्याने मशीन बंद करताना बटणावरून हात फिरवला. माझ्या वर्गात पेटीवरून फिरवायचा तसा.

२९ नोव्हेंबर, रविवार

पाइपाचा सूर ऐकायला प्रत्यक्ष गेले. पाइपाच्या चित्राखाली काही वाजवायचं झालं तर त्या सुराशी भांडण नको. पंढरी म्हणाला, रविवारी दुपारीच यायला हवं, एरवी पाइप कोरडा असतो. रविवारी सरकारी ऑफिसं बंद.

होडीतून ओहोटीला गेलो. वास फार. पाण्याचा रंग नारिंगी, कडेला पिवळट फेस. सूर पेटीच्या काळी दोनच्या आसपास, पण टिकत नाही, मध्येच घसरतो आणि पुन्हा चढतो. पंढरी म्हणाला, आत कुठेतरी पंप आहे, त्याचे झटके आहेत.

घरी आले तर हे आले नव्हते. उशिरा आले. बनियन भिजत घातलं. त्याच्या बाहीशी हल्ली एक डाग असतो, साबणाने जात नाही. उद्या सातवीची चाचणी आहे, पेपर काढायचाय.

६ डिसेंबर, रविवार

आज मजेशीर प्रकार झाला. पंढरीने बायजाच्या चित्राची कॅसेट दिली होती. शेजारच्यांच्या व्हीसीआरवर ती लावली आणि समोर बसून वाजवलं. आधी जोगिया. बायजा जाळ्यातून काहीतरी काढून बाजूला टाकते, मान वर करते, पुन्हा खाली बघते. असं वाटलं, हिच्या घरात कुणीतरी गेलंय. मग त्याच चित्रावर पिलूतली एक हलकी धून. आता ती कुणाची तरी वाट बघत होती आणि ते लपवत होती. मग काहीच न वाजवता पाहिलं. आता ती जाळं निवडत होती.

बायजा तीच आहे. तिने काही केलेलं नाही. सगळं मी करत होते, गजाने.

आणखी एक. जोगिया वाजवला की चित्र लवकर संपल्यासारखं वाटतं. नुसतं पाहिलं की संपता संपत नाही.

शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. जोगियाला त्यांनी पदर डोळ्यांना लावला. कोण आहे ती, असं नंतर विचारलं.

१३ डिसेंबर, रविवार

जुनेबंदरला देवळासमोर टेबलावर टीव्ही ठेवून फिल्म दाखवली. संध्याकाळी सगळं गाव होतं. तात्पुरतं संगीत घातलं होतं. बायजाच्या चित्राला जोगिया ठेवला होता.

बायजा पुढेच बसली होती. बघून म्हणाली, "ही काय रडतेय? मी नाय रडत होते. माझी मिसरी सरलेली. मना तलफ आलेली नुसती."

सगळं गाव हसलं. पंढरी उठला. "बघा बाबा. मी हेच सांगतोय. आईला मिसरी हवी होती आणि आपण समितीला सांगणार ती दुःखात आहे. हे खोटं आहे."

भिवाजी बसल्या जागेवरून म्हणाले, "मासं मेलं ते खोटं हाय काय?"

"नाही."

"मंग? आमी तीनदा गेलो साहेबांकडं. बायका रडल्या. साहेबांनी तोंड फिरवलं. मानूस रडला का त्यांना कंटाला येतो. वाजा रडला का बसतात ऐकत." मग माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, तुमी वाजवा. अजून वाजवा. जरा मोठ्यान वाजवा."

पंढरी निघून गेला. त्याच्या बाजूचे दोघेतिघे होते, तेही उठले. मी काय करावं हे कुणीच विचारलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते. बायजाने मला चहा दिला. तिच्याकडून मासळी घेणं का बंद केलं, हेही तिने विचारलं नाही.

दोघांचंही बरोबर आहे असं लिहून ठेवते. त्याने काही सुटत नाही.

२ जानेवारी १९८८, शनिवार

स्नेहसंमेलनात तीन आठवडे गेले. काही लिहिलं नाही. पंढरी दोनदा येऊन गेला. शेवटी असं ठरलं की संगीत राहील, पण बायजाच्या चित्रावर नाही. भिवाजी कबूल झाले. मात्र बाकी भरपूर हवं म्हणाले.

४ जानेवारी, सोमवार

संध्याकाळी सराव करत होते. हे आतल्या खोलीत पेपर वाचत होते. इतक्या वर्षांत यांनी माझ्या वाजवण्याविषयी कधी काही विचारलेलं नाही. आज आतूनच विचारलं, "त्या पाइपाच्या ठिकाणी काय वाजवणार आहेस?"

म्हटलं, अजून ठरवलं नाही.

"तिथे जरा मोठं वाजव. भरीव काहीतरी. नुसता पाण्याचा आवाज कोण ऐकणार?"

सूचना वाईट नाही. भिवाजींनाही आवडेल. पाइपाचं मी यांना कधी सांगितलं, ते आठवेना. सांगितलं असेल.

१६ जानेवारी, शनिवार

ठाण्याला रेकॉर्डिंग केलं. दिलरुबा, आणि पंढरीने आणलेल्या एका मुलाचा ढोलक. पाइपाच्या चित्राला मी मारव्यात एक चढती जागा बांधली होती, खालच्या षड्जापासून वर जाणारी. वाजवली तेव्हा दुकानदारही काम सोडून बघायला आला. छान झाली होती.

मग पंढरीने जोडून दाखवलं. दिलरुबा चढत जातो, चित्रात तिवरं, पाणी, संध्याकाळचा उजेड. डोळे भरून यावेत असं सुंदर.

पंढरी हळूच म्हणाला, "बाई, पाइप गेला."

पुन्हा पाहिलं. खरंच गेला होता. तो मधोमध होता आणि दिसत नव्हता. माझ्यामुळे खाडी सुंदर दिसत होती आणि त्यात काय पडतंय ते कुणालाही कळलं नसतं.

मी म्हटलं, "पाइपाच्या आधीच थांबवते. चढता चढता, वरच्या सुरावर न जाता."

"अर्धवट?"

"अर्धवट."

तसं करून पाहिलं. दिलरुबा वर जातोय, कान पुढच्या सुराची वाट बघतो आणि त्या जागी पाइप सुरू होतो. काळी दोन, घसरणारी. मला स्वतःला ते ऐकवेना. पंढरीने फक्त मान हलवली. त्याला संगीत पटलंय असं पहिल्यांदाच वाटलं.

१७ जानेवारी, रविवार

यांना सांगितलं की पाइपापाशी वाजवणार नाही. हे कामावर जायला निघाले होते. चपला घालता घालता थांबले. "मी सांगितलं होतं मोठं वाजव म्हणून." म्हटलं, मोठं वाजवलं की पाइप दिसत नाही. हे तसेच गेले. डबा विसरले.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

सुनावणी झाली. क्रमाने लिहिते.

सकाळी यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. ठाण्याला काम आहे म्हणाले. मी म्हटलं, मलाही. दोघांनीही पुढे विचारलं नाही. मी आधी निघाले.

सरकारी इमारतीतला मोठा हॉल. समोर समितीचे तिघे. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कंपन्यांचे लोक फायली घेऊन. त्यांच्या दुसऱ्या रांगेत हे बसले होते. तेव्हा मला कळलं असं लिहिणं खरं होणार नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंढरीच्या कॅसेटच्या डब्याकडे पाहिलं.

टीव्ही लावला. पहिली काही मिनिटं समितीतले एक जण कागद चाळत होते. दिलरुबा सुरू झाला तसे कागद थांबले. भिवाजींनी वळून माझ्याकडे बघितलं, सांगितलं होतं ना, अशा चेहऱ्याने. बायजाच्या चित्रावर काही नव्हतं, तिथे एकाने जांभई दिली. पुढे होडीच्या जागी अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. ते बऱ्यापैकी वयस्कर आहेत, डोळ्यांचाही त्रास असेल.

मग ती चढती जागा आली आणि थांबली. पाइप सुरू झाला. हॉलमध्ये पंख्याचाही आवाज नव्हता, वीज वाचवायला बंद ठेवले असावेत. पाणी पडत राहिलं. पंढरीने ते चित्र फार लांब ठेवलंय. मलाच वाटलं, आता पुरे.

फिल्म संपल्यावर अध्यक्षांनी विचारलं, "तो आवाज कसला?"

कंपन्यांच्या बाजूने एक अधिकारी उठले. "भरतीचं पाणी आहे साहेब. जुनी मोरी आहे सरकारी. भरतीला पाणी शिरतं, ओहोटीला बाहेर पडतं. नैसर्गिक आहे."

पंढरी उठून काहीतरी बोलू लागला, त्याला बसवलं. तुमची पाळी झाली म्हणाले. अध्यक्षांनी कंपन्यांच्या लोकांना विचारलं, यात तांत्रिक माहिती असलेले कोण आहेत? त्या अधिकाऱ्याने यांच्याकडे बोट दाखवलं. "हे आमचे चौबळ. प्रयोगशाळा बघतात. सगळे रिपोर्ट यांच्याच सहीचे आहेत."

हे उभे राहिले. फाइल उघडली नाही.

"चौबळ, हे भरतीचं पाणी आहे?"

"नाही."

"मग?"

"पंप आहे. मध्ये मध्ये झटका ऐकू येतो तो व्हॉल्व्हचा."

"कुणाचा पंप?"

"आमचा."

अधिकारी म्हणाले, "चौबळ, नुसत्या आवाजावरून तुम्ही कसं सांगताय?"

हे त्यांच्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच होता, घरी दूध आलं का विचारतात तसा. "साहेब, दर रविवारी तो मीच चालू करायला सांगतो. तुमच्या चिठ्ठीवरून."

त्यानंतर गोंधळ झाला. आम्ही वेगवेगळे घरी आलो. हे आधी पोचले होते आणि यांनी कुकर लावला होता. तीन शिट्ट्या झाल्यावर बंद करायचा हे माहीत नव्हतं. भाताचा गोळा झाला. तोच खाल्ला.

२० फेब्रुवारी, शनिवार

यांना कंपनीने कामावर येऊ नका सांगितलंय. आज गॅलरीत बसून होते. खालून जाणारे चौघेजण वर बघून नमस्कार करायचे, त्यातल्या एकानेच केला.

मी विचारलं, "आधीच ठरवलं होतंत का?"

"नाही. भरतीचं आहे असंच सांगणार होतो. तसं ठरलं होतं."

"मग?"

"तू वाजवत होतीस तोवर मी आपला इतरांसारखा बघत होतो. वाईट वाटत होतं, त्या लोकांचं. थांबलीस आणि वाटलं, सगळा हॉल वळून माझ्याकडे बघतोय." मग म्हणाले, "कुणी बघत नव्हतं."

मी चहा ठेवला. इतकी वाक्यं सलग यांनी लग्नानंतर किती वेळा बोलली असतील, सांगता येणार नाही.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

भिवाजी पेढे घेऊन आले. यांच्यासमोर बसायला तयार नव्हते, उभ्यानेच बोलले. तुमच्या वाजवण्यानं काम झालं म्हणाले. पंढरी त्यांच्याबरोबर होता. दारात मला म्हणाला, "बाई, थांबल्यामुळे झालं." दोघे जिन्यातून वाद घालतच उतरले.

२९ मार्च, मंगळवार

समितीचा आदेश आला. पंढरीने वाचून दाखवला. पाण्यावर प्रक्रिया करावी, त्यासाठी मुदत. तोपर्यंत वस्तीला त्रास होऊ नये म्हणून पाइपाचं तोंड पुढे, दिवा गावाच्या बाजूला न्यावं. जुनेबंदरच्या खाडीत पाणी सोडू नये.

म्हणजे जुनेबंदर जिंकलं. पंढरी वाचताना हसत होता आणि मध्येच हसायचा थांबला. म्हणाला, "आईचं माहेर आहे तिकडे."

हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन कागद मागितला, दोनदा वाचला. पेन्सिलीने मागे खाडीचं वळण काढलं, कंपन्या कुठे, पाइप कुठून जाईल, तोंड कुठे येईल. पंढरी वाकून बघत होता. यांनी विचारलं, "टेपरेकॉर्डर तुझ्याकडे अजून आहे का?"

१५ मे, रविवार

सुट्टी. उन्हाचा त्रास फार, तरी दिवा गावाकडे नव्या पाइपाचा आवाज घ्यायला मीही गेले. होडीत पंढरी, हे, मी आणि बायजा. तिथली माणसं तिच्या ओळखीची, म्हणून ती आली. हे पहिल्यांदाच होडीत बसले. काठ घट्ट धरून बसले होते. बायजा म्हणाली, "साहेब, सोडा. होडी पलत नाय."

दिलरुबा आणू का, असं मी काल विचारलं होतं. पंढरी म्हणाला, आधी ऐकून घेऊ. राग आला नाही, हे नोंदवते.

नवा पाइप रबराचा आहे, तिवरं तोडून मध्ये टाकलेला. दुपारी सुरू झाला. सूर जुन्यापेक्षा खालचा, खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या जवळ, कारण पाइप रुंद आहे. पंढरीने टेप चालू करून यांच्या कानांना हेडफोन लावला आणि माइक पाण्याजवळ नेला.

हे एकदम मागे सरले. मग तसेच बसून ऐकत राहिले. बऱ्याच वेळाने, हेडफोन असल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले, "एवढा होतो?"

"काय?"

"आवाज. आत आम्हाला नुसतं बटण. मी कधी इथवर आलोच नव्हतो."

बायजा यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "काय साहेब, गाणं लागलंय काय?"

यांनी हेडफोन काढला आणि दोन्ही हातांनी नीट तिच्या डोक्यावर ठेवला, पदरावरून. तिने डोळे मिटून थोडं ऐकलं, मग उघडले.

"ह्यात काय नवीन?" म्हणाली. "हे तर आमाला तसंच ऐकू येतं."

आणि काढून परत यांच्या हातात दिला. यांनी तो पुन्हा कानांना लावला. पंप बंद होईपर्यंत काढला नाही.